औत धरणाऱ्यांचे शहाणपण : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

शेतीच्या कामातून जगण्यासाठी काय शिकता येते, या विषयावर मागील अंकात आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. पत्रे पुष्कळ आली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक पत्रांत ‘पेराल तसे उगवेल’ हे वाक्य कुठे ना कुठे होतेच. ज्याने एकदा तरी पाभर, म्हणजे पेरणीचे औत, धरली आहे, त्याला पेरलेले दर वर्षी उगवत नाही हे पक्के ठाऊक असते. तरीही तो पुढच्या वर्षी पेरतो आणि त्या दोन पेरण्यांच्या मधल्या काळात तो जे विचार करतो, त्यातच शिकण्याजोगे पुष्कळ काही असते. म्हणून सुविचारांची पत्रे बाजूला ठेवून, शेतातल्या प्रत्यक्ष कामाच्या आधाराने ज्यांना उत्तर देता येईल अशी सहा पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे देण्याचे टाळले आहे.

प्रश्न : मी औसा तालुक्यातील शेतकरी कुटुंबातला मुलगा असून पुण्यात राहून राज्यसेवा परीक्षेची तयारी करतो. आतापर्यंत तीन वेळा अपयश आले. त्यांपैकी एकदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलो होतो. वडील म्हणतात, “आपण शेतकरी माणसं, धीर धरणं आपल्या रक्तात आहे.” मित्र म्हणतात, सोडून दे. शेतकऱ्याचा धीर म्हणजे नेमकी किती काळ वाट पाहणे?

उत्तर : तुमच्या वडिलांचे म्हणणे खरे आहे, पण ते अर्धेच तुमच्यापर्यंत पोहोचले आहे. शेतकरी वाट पाहतो हे खरे; मात्र वाट पाहताना तो सतत काहीतरी मोजत असतो. पाऊस पडून गेल्यावर तो लगेच औत जुंपत नाही. शेतात जाऊन मूठभर माती उचलतो, तिचा लाडू वळतो आणि कमरेच्या उंचीवरून तो खाली सोडतो. लाडू चपटा होऊन तसाच राहिला तर ओल अजून जास्त आहे, फणाला चिखल धरेल. लाडू वळलाच गेला नाही तर ओल उडून गेली. पडल्याबरोबर त्याचा भुगा झाला तर वाफसा आला, आता थांबण्यात अर्थ नाही. काळ्या भारी जमिनीत ही वेळ मोजक्या दिवसांची असते आणि एकदा ती आली की घरात लग्नकार्य असले तरी पेरणी आधी होते.

खरिपाची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय करू नये, असे कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठे दर वर्षी सांगतात. मृगाच्या पहिल्या सरीने वरची दोन बोटे माती भिजते, बी फुगते, कोंब निघतो आणि मग पावसाने ओढ दिली की तो कोंब खालच्या कोरड्या मातीत जळून जातो, हे त्यामागचे कारण आहे. काही शेतकरी पावसाआधीच धूळपेरणी करतात, तोही अविचार नसतो. बियाणे गेले तर किती जाईल याचा अंदाज घेऊनच त्यांनी तो धोका पत्करलेला असतो.

तुम्ही विचारलेली मुदत शेतीत ठरलेली असते. तुमच्या भागात जुलैचा पहिला आठवडा उलटला की मूग-उडदाचा नाद सोडतात. सोयाबीनची पेरणी साधारणपणे १५ जुलैपर्यंत करतात. त्यानंतर पाऊस आला तर तूर, सूर्यफूल किंवा बाजरीचा विचार करतात आणि तेही हुकले तर रान स्वच्छ ठेवून रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याची तयारी करतात. पहिली पेरणी वाया गेल्यावर दुबार पेरणी अनेकजण करतात. तिबार पेरणी मात्र फारच थोडे करतात. त्याचे कारण त्यांचा धीर सुटतो हे नसून, त्या जमिनीतून आता दुसरे पीक अधिक चांगले येईल हा हिशेब त्यांनी केलेला असतो. परीक्षेला बसण्यासाठी खुल्या गटाला ३८ वर्षांची वयोमर्यादा आहे, एवढ्यावर तुम्ही विसंबून असाल तर तो घोटाळा आहे, कारण ती पेरणीची शेवटची तारीख आहे, योग्य तारीख नव्हे. योग्य तारीख तुमची तुम्हालाच ठरवावी लागेल. पुढचा अर्ज भरण्यापूर्वी ती कागदावर लिहून वडिलांना दाखवावी, असे मी सुचवीन.

आणखी एक गोष्ट करावी. उगवण झाली नाही तर शेतकरी पेरलेल्या ओळीतली माती बोटांनी उकरून बी शोधतो. बी पाच सेंटिमीटरपेक्षा खोल गेले असेल तर पेरणाऱ्या हाताचा दोष. सडले असेल तर पाणी साचले. कोवळा कोंब कुरतडलेला असेल तर वाणी किडे लागले. बी जसेच्या तसे कोरडे असेल तर ओल कमी पडली. चारही वेळा रान वरून सारखेच उघडे दिसते, उपाय मात्र चार निराळे असतात. तुमच्या तीन अपयशांची गुणपत्रके समोर घेऊन बसा. पूर्वपरीक्षेत थोडक्या गुणांनी राहणे आणि मुख्य परीक्षेत निबंधात मागे पडणे ही दोन वेगळी अपयशे आहेत आणि तिन्ही वेळा तोच अभ्यास पुन्हा नव्याने सुरू करणे म्हणजे माती न उकरता दुबार पेरणी करणे होय.

राहिला मित्रांचा सल्ला. सगळे सोडून द्यावे किंवा सगळे त्यातच घालावे, असे दोनच मार्ग शेतकरी मानत नाही. तुमच्याच रानात सोयाबीनच्या ओळींमध्ये तुरीच्या ओळी असतील. सोयाबीन शंभर-एक दिवसांत निघते, तूर मागे उभी राहते आणि पाच-सहा महिन्यांनी घरात येते. पहिल्या पिकाचा पैसा हातात असल्यामुळे दुसऱ्याची वाट पाहणे परवडते. अभ्यासाबरोबर थोडी कमाई होईल असे, शिकवणीचे, भाषांतराचे किंवा हिशेबाचे काम तुम्ही धरलेत तर तुमच्या वाट पाहण्याला आधार मिळेल. वडिलांनीही आयुष्यभर हेच केले असेल; ते त्याला धीर म्हणतात, एवढेच.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. तिला शाळेशिवाय कथक, शिष्यवृत्तीचा वर्ग, पोहणे, चित्रकला आणि संगणकाचा वर्ग असे सगळे लावले आहे. ती थकते, चिडते. यजमान मूळचे वरुडचे, घरची संत्र्याची बाग आहे. ते म्हणतात, “संत्र्याच्या झाडाला ताण दिल्याशिवाय बहार येत नाही, पोरीलाही जरा ताण सोसू दे.” मला हे पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. (डोंबिवली)

उत्तर : तुमच्या यजमानांनी बाग लहानपणी पाहिली असावी, राखली नसावी, राखली असती तर हे उदाहरण त्यांनी दिले नसते, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते.

संत्र्याच्या झाडाला आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, हिवाळ्यात पाणी तोडतात हे बरोबर आहे. वाढ थांबते, पाने पिवळसर होतात, काही गळतात आणि फांदीत साठलेले अन्न पुढे फुलांकडे वळते. पण हा ताण कोणाला देतात? झाड पाच-सहा वर्षांचे होऊन त्याचा सांगाडा उभा राहिल्यावरच देतात. त्याआधी फुले आलीच तर ती खुडून टाकतात, कारण झाडाने अगोदर वाढावे अशी अपेक्षा असते. शिवाय किती दिवस पाणी तोडायचे हे शेजाऱ्याची बाग बघून ठरवत नाहीत. हलक्या जमिनीत ओल लवकर संपते, तेथे ताण थोडा पुरतो. भारी जमिनीत अधिक दिवस लागतात. बागायतदार रोज पानांकडे पाहतो आणि पानगळ ठरावीक मर्यादेच्या पुढे जाऊ लागली की हिशेबातले दिवस उरले असले तरी पाणी सोडतो. तेही एकदम भरपूर सोडत नाही. पहिले पाणी हलके देतात, त्याबरोबर खत देतात आणि मग हळूहळू पाळी वाढवतात. झाडाची ताकद, जमिनीचा पोत, रोजची नजर आणि नंतरचे पोषण या चार गोष्टी असतील तरच त्याला ताण देणे म्हणायचे. यांतली एकही नसताना नुसते पाणी तोडले तर झाड वाळते. आठवीतल्या मुलीला कोणी ‘ताण देत’ असेल, तर त्याने या चार गोष्टींचा जबाब आधी द्यावा.

तुमच्या घरात मात्र याच्या उलट घडते आहे, असे मला पत्रावरून वाटते. तुम्ही मुलीचे काहीही तोडलेले नाही. सर्व बाजूंनी भरच घातली आहे. त्यासाठी शेतातले दुसरे काम पाहावे लागेल, ते म्हणजे विरळणी. ज्वारी पेरताना बी थोडे जास्तच टाकतात, कारण सगळे उगवेल याची खात्री नसते. उगवून आल्यावर दोन ओळींत ४५ आणि दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर राहील अशा बेताने मधली रोपे उपटून टाकतात. या अंतराने हेक्टरी सुमारे १ लाख ४८ हजार ताटे उभी राहतात आणि कोरडवाहू जमिनीतली ओल तेवढ्यांनाच पुरते. उपटलेली रोपे रोगट नसतात. हिरवीगार, टवटवीत असतात. कोवळी ज्वारी जनावरांना बाधते म्हणून ती गोठ्यातही टाकता येत नाहीत, बांधावर वाळून जातात. नव्या माणसाच्या हातून हे काम होत नाही, त्याचा जीव तुटतो. न विरळलेल्या रानात ताटे काडीसारखी बारीक होतात आणि कणसे बोटभर राहतात, हे ज्याने पाहिले आहे त्याचा हात मात्र थांबत नाही.

मुलीच्या पाच वर्गांतला एकही वर्ग वाईट नाही, म्हणूनच तुम्हाला कोणता बंद करावा हे सुचत नसावे. वाईट असेल तेच काढायचे, असा विरळणीचा नियम नसतो. येथे शेताचे उदाहरण मी थांबवतो, कारण ज्वारीच्या रोपाला आपले मत नसते आणि तुमच्या मुलीला ते आहे. कोणते दोन ठेवायचे हे तिला विचारा आणि ती जे उत्तर देईल ते तुमच्या आवडीचे नसले तरी निदान वर्षभर पाळा. मोकळी झालेली संध्याकाळ लगेच सहाव्या वर्गाने भरू नका, ही विनंती वेगळी करतो.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात सात एकर कोरडवाहू शेती करतो. तुमचा विषय वाचला आणि राग आला. आमच्या कष्टांत तुम्हाला सुविचार दिसतात, आम्हाला कापसाचा भाव दिसतो. आमच्याकडून धडे घेण्यापेक्षा आमचा माल नीट भावाने घ्या, असे तुमच्या वाचकांना सांगाल का?

उत्तर : सांगतो, आणि तुमचे पत्र त्यासाठीच एका शब्दानेही न कापता छापले आहे.

शेतकऱ्याच्या सोसण्याला गुण म्हणण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. ज्याला पर्याय नाही त्याच्या सहनशीलतेचे कौतुक करणे हा ऐकणाऱ्याच्या सोयीचा भाग झाला. कापूस वेचणाऱ्या बाईला मजुरी किलोवर मिळते. दवाने ओला झालेला कापूस घेतला तर प्रत घसरते म्हणून ऊन चढल्यावर वेचायचे आणि बोंडाच्या वाळलेल्या, टोकदार पाकळ्यांनी बोटे सोलवटून घ्यायची. त्या बोटांतून जगण्याचे तत्त्वज्ञान काढणाऱ्याने तिला त्या दिवशी किती रुपये मिळाले, हेही विचारले पाहिजे. हमीभाव जाहीर होतो. परंतु खरेदी केंद्रावर काटा लागण्याआधी ज्याला दुकानदाराची उधारी चुकवायची असते आणि दिवाळी करायची असते, तो मिळेल त्या भावाने गाडी खाली करतो. यात त्याचा उतावळेपणा नाही आणि ‘थोडे थांबायचे होते’ असे शहरातून म्हणणाऱ्याला त्याच्या थांबण्याची किंमत माहीत नाही.

१९ मार्च १९८६ रोजी तुमच्याच जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि मुलांसह आयुष्य संपवले. २०१७ सालापासून त्या तारखेला राज्यात अनेक जण एक दिवस अन्नत्याग करतात. या घटनेतून कोणी ‘धीर धरावा’ असा धडा काढला तर तो अडाणीपणाच म्हणावा लागेल. नुकसानीचा सगळा भार एकाच माणसाच्या डोक्यावर राहिला तर कष्ट, हुशारी आणि धीर यांपैकी काहीही पुरे पडत नाही, ही गोष्ट मात्र त्यातून कळायला हवी. शहरात उसनवारीने दुकान थाटणाऱ्याला आणि घरातला एकुलता कमावता असलेल्याला ती तितकीच लागू आहे.

तुमचा निरोप वाचकांपर्यंत पोहोचला आहे. भाजीवाल्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करून घरी आल्यावर हे सदर वाचणारे आमच्यात पुष्कळ आहेत; त्यांनी तो आपल्यासाठीच आहे असे समजावे.

प्रश्न : आम्ही तीन भाऊ. मी निवृत्त शिक्षक, बागलाण तालुक्यात गावीच राहतो. मधला नाशिकला, धाकटा परदेशात. आई ८६ वर्षांची आहे आणि माझ्याकडे असते. दोघे भाऊ पैसे पाठवतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण दिवसरात्र करणे मला आणि पत्नीला आता झेपत नाही. हे बोलून दाखवले की धाकटा म्हणतो, “अजून किती पाठवू?” वाटणी कशी करावी?

उत्तर : गुरुजी, तुम्ही राहता त्याच तालुक्यातून मोसम आणि आरम या नद्या वाहतात आणि त्यांच्या काठी तुमच्या प्रश्नाचे उत्तर कित्येक पिढ्या अमलात होते. नाशिक-धुळे भागातील फड पद्धत तुम्हाला माहीत असणार, पण इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. नदीवर बंधारा घालून पाणी पाटाने काढायचे आणि भिजणाऱ्या क्षेत्राचे मोठे तुकडे, म्हणजे फड, पाडायचे. एका फडात त्या हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. साधारणपणे प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते. पाणी सोडायला पाटकरी आणि राखणीला जागल्या गावाने नेमलेला असतो. आपल्या वावराचे दार आपण होऊन कोणी फोडायचे नाही.

या व्यवस्थेची खरी परीक्षा पाणी कमी असलेल्या वर्षी होते. तेव्हा पाणी सगळीकडे थोडे थोडे फिरवत नाहीत, कारण तसे केले तर सगळीच पिके अर्धवट वाळतील. एखादा फड त्या वर्षापुरता पूर्ण सोडून देतात आणि उरलेले नीट भिजवतात. प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे सोडलेल्या फडाचे नुकसान प्रत्येकाच्या वाट्याला येते आणि एकटा कोणी बुडत नाही. सुगीची वाटणी कोणालाही जमते. टंचाई वाटून घेण्याची तजवीज या लोकांनी पाणी भरपूर असतानाच जमिनीच्या आखणीत करून ठेवली होती, याचे मला फार अप्रूप वाटते.

तुमच्या घरात पैशाच्या फडात तिघांचा वाटा आहे, परंतु जागरणाच्या फडात फक्त तुमचा आहे. धाकट्या भावाचा ‘अजून किती पाठवू’ हा प्रश्न त्यामुळेच चुकीच्या जागी लागतो. तुम्ही पाणी मागत नाही, पाळी मागत आहात. फड पद्धतीत पाटाची साफसफाई करायला सगळे मिळून जातात आणि पाटाखालच्या प्रत्येकाने त्या कामात आपला वाटा उचलायचा असतो. तुमच्या भावांना वर्षातले ठरावीक आठवडे आईजवळ येऊन राहण्यास सांगावे. परदेशातल्याला वर्षातून एकदाच जमेल. त्याने ती सुट्टी लग्नसराईत न घालवता, तुम्ही दोघे बाहेरगावी जाल त्या काळात आईजवळ घालवावी. नाशिककराची पाळी महिन्यातून एक शनिवार-रविवार असू शकते. तरीही झेपत नसेल तर पगारी मदतनीस ठेवावा आणि त्याचा खर्च धाकट्याने उचलावा. मात्र पाळी त्यामुळे रद्द होत नाही, हे आधी स्पष्ट करून घ्यावे.

भावांना सांगताना आणखी एका उदाहरणाचा उपयोग होईल. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगाव येथे पाणी पंचायतीचे काम सुरू केले. तेथे पाण्याचा हक्क जमिनीच्या मोजमापावर न ठेवता घरातल्या माणसांच्या संख्येवर ठेवला : माणशी अर्धा एकर आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा दिला आणि उसाला पाणी द्यायचे नाही असे ठरले. ज्याची जमीन जास्त त्याचे पाणी जास्त, हे तोपर्यंत सर्वांना स्वाभाविक वाटत होते. ज्याची कमाई जास्त त्याची सुटका जास्त, हेही आपल्या घरांत असेच स्वाभाविक वाटत असते. आणि तुमच्या पत्नीचे कष्ट हे ‘तुमच्या वाट्यात’ धरले गेले आहेत, ते वेगळे मोजले जावेत, एवढे मात्र मी तुमच्याही बाजूला सांगेन.

प्रश्न : आमचे घर गोव्यात दिवाडी बेटावर आहे. आजोबा खाजन शेतीच्या बांधाच्या कामाला दर वर्षी जात. आता शेत पडीक आहे आणि आम्ही सगळे पणजीत नोकरी करतो. त्या कामातून आम्ही काय घ्यावे?

उत्तर : खाजन म्हणजे खाडीच्या भरतीच्या पाण्याखाली जाऊ शकणारी सखल जमीन, मातीच्या बांधाने राखलेली. बांधात मानस म्हणून दार असते. भरतीच्या दाबाने ते मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. आत खारेपणा सोसणारे कोरगूटसारखे भात पिकते. या सगळ्याचा कारभार गावकारीकडे, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेकडे, असे. बांधाला पहिले भोक बहुधा खेकडा पाडतो. ते वेळीच बुजवले तर टोपलीभर चिकणमातीचे काम. राहिले तर भरतीच्या जोराने खिंडार पडते आणि खारे पाणी ज्यांनी काहीच हयगय केली नाही अशा शेजाऱ्यांच्याही वावरात शिरते. पावसाने मीठ धुऊन जाऊन तेथे पुन्हा पूर्वीसारखे भात यायला पुढचे पावसाळे खर्ची पडतात.

बांध दुरुस्त केल्याने पीक वाढत नाही आणि त्या कामाचे कोणी कौतुक करत नाही. तुमच्या इमारतीच्या सोसायटीत गळका पाइप, न झालेला हिशेब, न बोलावलेली बैठक अशी कामे असतील; त्यांचे दायित्व घ्या. आणि शेत पडीक असले तरी बांध पडीक ठेवू नका, कारण तुमच्या बांधामागे अजून कोणीतरी भात लावत असेल.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मुले शेतकऱ्यांचीच आहेत, पण शेती म्हणजे हलके काम असे त्यांना वाटते. भाषण न देता त्यांना शेतकऱ्याचे शहाणपण दाखवता येईल असे एखादे काम सुचवाल का?

उत्तर : भाषण नको, हे आपण आधीच ठरवले आहे याचा आनंद वाटला. दोन कामे सुचवतो. दोन्हींना खर्च जवळजवळ नाही.

पहिले भाताच्या बियाण्याचे. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओतायला सांगा. ढवळून थोडा वेळ थांबले की पोचट दाणे वर तरंगतात आणि भरलेले तळाशी बसतात. तरंगणारे काढून टाकायचे, तळाचे दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. ओतण्यापूर्वी मुलांना मुठीत घेऊन पोचट दाणा ओळखायला सांगा. बहुतेक दाणे त्यांना सारखेच दिसतील.

दुसरे उगवण तपासण्याचे. घरच्या सोयाबीनमधून शंभर दाणे न निवडता मोजून घ्यावेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडावेत, दुसऱ्या ओल्या गोणपाटाने झाकून गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडावे. सात-आठ दिवसांनी गुंडाळी उघडून चांगले कोंब मोजावेत. सत्तर किंवा अधिक आले तर बियाणे पेरणीस योग्य. कमी आले तर एकरी बी वाढवावे लागते, फारच कमी आले तर ते बियाणे पेरू नये. हा निर्णय पेरणीच्या आधी, हातात पर्याय असताना घेतला जातो, एवढे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

वरच्या वर्गाला शिकवत असाल तर दादाजी खोब्रागडे यांच्याबद्दल जरूर सांगा. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचा हा अल्पभूधारक शेतकरी. १९८३ मध्ये आपल्या भाताच्या शेतात इतरांपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या त्यांच्या नजरेस पडल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करत राहिले. त्यातून तयार झालेले वाण त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून ‘एचएमटी’ म्हणून ओळखले गेले आणि दूरदूरच्या शेतांत पोहोचले. २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर त्यांच्या कामाचा गौरव झाला. २०१८ मध्ये ते वारले. त्यांच्या वाट्याला पैसा किती आला हेही मुलांनी विचारले तर टाळू नका. फारसा आला नाही, हे खरे उत्तर द्या.

गोणपाटाची गुंडाळी बांधण्याआधी प्रत्येक मुलाने किती दाणे उगवतील याचा आपला आकडा वहीत लिहून खाली नाव घालावे. आठव्या दिवशी खरा आकडा त्याच्या शेजारी लिहावा. मग वही घरी नेऊन आजी किंवा आजोबांना तेच विचारावे : दाणे हातात घेऊन बघा आणि सांगा, शंभरातले किती उगवतील? त्यांचा आकडाही तिसऱ्या रकान्यात उतरवून आणायला सांगा.